आवाजासाठी दुभंगलेली नियमावली

१९७४ मध्ये व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मांडलेल्या टीसीपी या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे संगणकांनी परस्परांशी संपर्क साधताना पाळावयाच्या नियमावलीत, पॅकेट म्हणजे माहितीचा तुकडा योग्य पत्त्यावर नेणे आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवून सारे क्रमाने लावणे ही दोन्ही कामे एकत्रच होती. फाइलींसाठी ती रचना उत्तम होती. परंतु आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी संगणक-जाळ्यावरून ध्वनी पाठवण्याचे प्रयोग करणाऱ्या डॅनी कोहेन यांना ती जाचक ठरली, कारण संभाषणात उशिरा पोचलेला शब्द हरवलेल्या शब्दाइतकाच निरुपयोगी असतो. त्यांच्यासह काहींनी धरलेल्या आग्रहामुळे १९७८ मध्ये पत्ता व मार्ग सांभाळणारा आयपी वेगळा काढला गेला आणि १९८० मध्ये पोच न मागणारा यूडीपी त्याच्या जोडीला आला. आर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी जुनी नियमावली सोडून टीसीपी/आयपीकडे केलेल्या स्थित्यंतराहूनही ही फारकत अधिक मोलाची मानावी लागते.