एक लाख चोवीस हजारांचे साठ हजार

डहाणू-तलासरीच्या खाचरांतलं जुनं गरवं भात पावसाळा सरताना, रात्री लांबू लागल्या की निसवतं. रात्रीची लांबी ओळखायला झाडाला फायटोक्रोम हे प्रकाश टिपणारं प्रथिन लागतं. 1959 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला बटलर, नॉरिस, सीगलमन आणि हेंड्रिक्स यांनी ते उपकरणावर पकडलं. त्यानंतर वीसहून अधिक वर्षं ते नळीत उतरताना तुटत राहिलं. त्या काळच्या पद्धतीवरून मांडलेला हा एक नमुना दिवस.

चार दिवस आधी
ओटचं बी काळोखात रुजत घातलं आहे. उजेडात हे प्रथिन झपाट्याने घटतं, अंधारात साठतं. कोंब पिवळट आणि लांबट झाले आहेत.

सकाळी 8:00
मंद हिरव्या दिव्याखाली कोंब कापले. भांडी 4 अंशांवर. प्रथिनाचा रेणू अख्खा आहे: 1,24,000 डाल्टन.

8:20
अंधारातलं सगळं फायटोक्रोम लाल प्रकाश शोषणाऱ्या रूपात असतं. या रूपात रेणूचं एक टोक उघडं राहतं. लाल प्रकाशाचा एक झोत दिला असता तर ते दूरलाल प्रकाश शोषणाऱ्या रूपात गेलं असतं आणि ते टोक बरंच सुरक्षित झालं असतं. पण प्रकाशापासून जपायचं म्हणून लाल दिवा लावला नाही.

8:30
कोंब वाटले. पेशींतल्या रिक्तिका फुटल्या. त्यांत कोंडलेली, प्रथिनं तोडणारी विकरं रसात मिसळली. त्यांना रोखणारं पीएमएसएफ हे रसायन पाण्यात टिकत नाही. ते अल्कोहोलमध्ये विरघळवून ऐन वेळी घालावं लागतं. ते घातलेलं नाही.

9:00
रस कापडातून गाळला. थंडीमुळे विकरं मंदावली, थांबली नाहीत.

11:00
टोकाचा तुकडा गळू लागला. 1,24,000चे 1,18,000, काहींचे 1,14,000. रसाचा रंग तोच.

दुपारी 1:00
वर्णपटमापकावर तपासणी. दूरलाल प्रकाश शोषणाऱ्या रूपाचं शिखर 730 नॅनोमीटरऐवजी 722च्या आसपास आलं. जिवंत कोंबात ते एवढं खाली मिळत नाही. शिवाय अंधारात ठेवल्यावर हे रूप वाजवीपेक्षा लवकर मागे फिरतं. दोन्ही इशारे वहीत उतरले आणि तिथेच राहिले.

संध्याकाळी 6:00
रस स्तंभातून थेंबाथेंबाने उतरतो आहे. प्रत्येक जादा तास विकरांच्या पदरात पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9:00
कुपीतलं द्रव्य लाल प्रकाशात रूप बदलतं, दूरलाल प्रकाशात परत येतं. म्हणजे फायटोक्रोम शाबूत, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात रंगद्रव्य धरून ठेवणारा तुकडा वाचला आहे आणि चाचणी नेमकी त्याचीच होते. उरलेला अर्धा रेणू गेल्याचं तिला कळू शकत नाही. वजन निघालं: सुमारे 60,000. 1960च्या दशकात ओटच्या फायटोक्रोमसाठी हाच आकडा छापला गेला.

1971
गार्डनर, पाइक, राइस आणि ब्रिग्ज यांनी दाखवून दिलं की लहान रेणू हा विकरांनी तोडलेला अवशेष आहे. आकडा 1,20,000च्या घरात गेला. सगळ्यांना वाटलं, रेणू अख्खा हाती आला. टोक अजूनही गळत होतं.

1982
व्हिएरस्ट्रा आणि क्वेल यांनी प्रथिन सुरक्षित रूपात ठेवलं आणि पीएमएसएफ वापरलं. 1,24,000 डाल्टनचा एकसंध रेणू मिळाला. शिखर 730वर आलं.

गळालेला तुकडा जेमतेम 6 ते 10 हजार डाल्टनचा होता. तरी रेणूचं शोषणाचं शिखर आणि अंधारातली त्याची चाल त्या तुकड्याविना बदलत होती. त्यामुळे आधीच्या मोजमापांतली कोणती अख्ख्या रेणूची आणि कोणती तुटक्याची, हे पुन्हा तपासणं भाग पडलं. वनस्पतीतून प्रथिन काढणाऱ्याने आकड्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहायलाच हव्यात: कोंब कोणत्या प्रकाशात वाटले, विकरं कशाने रोखली आणि किती वेळ गेला.