होकाराची सही

कचेरीत नोकरी करताना एक कळले: नकाराचा शेरा मारणे सोपे, होकारावर सही करणे कठीण. अमेरिकेच्या हवामान खात्याने कित्येक दशके अंदाजात 'टोर्नाडो' हा शब्दच टाळला. लोक घाबरतील म्हणे!

२० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नाडोने विमाने मोडली. फॉबुश आणि मिलर या लष्करी हवामान अधिकाऱ्यांनी जुने नकाशे चाळले. थंड हवेची आघाडी सरकत येते, तिच्यापुढे मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा असते, वर जोरदार वारे. मग गडगडाटी वादळे उठतात. २५ मार्चला नकाशा तसाच दिसला. दोघांनी इशारा दिला. संध्याकाळी टोर्नाडो आला.

नेमका तोच तळ सापडला हा योगायोग. पण वादळे ओळखली ती विद्या. १९५२ पासून हवामान खातेही असे इशारे देऊ लागले. वाचकहो, पहिली सही कुणाला तरी करावीच लागते.