चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांची संस्था : मापाला माप जुळविणारे शतक

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा मागविला, तेव्हा त्यासोबत चित्रफितीला छिद्रे पाडण्याचे यंत्रही मागवावे लागले. कोरी चित्रफीत त्या काळी बिनछिद्रांची येत असे आणि अंधाऱ्या खोलीत तिला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. छिद्रांमधील अंतर किंचित चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरे किंवा फीतच फाटे. एका देशातील कॅमेरा, दुसऱ्या देशातील फीत आणि तिसऱ्याच ठिकाणचा प्रक्षेपक यांचे जुळावे कसे, हा त्या काळातील सर्वच चित्रपटनिर्मात्यांपुढचा प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी अमेरिकेत जी संस्था उभी राहिली, ती आज ‘एसएमपीटीई’, म्हणजेच ‘सोसायटी ऑफ मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन इंजिनिअर्स’, या नावाने ओळखली जाते.

स्थापना

२४ जुलै १९१६ रोजी वॉशिंग्टन येथे ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स हे चलच्चित्र-प्रक्षेपकाच्या आद्य संशोधकांपैकी एक. १८९५ मध्ये अटलांटा येथील प्रदर्शनात त्यांनी टॉमस आर्मॅट यांच्यासह आपला प्रक्षेपक लोकांपुढे ठेवला होता. पुढे यांत्रिक दूरचित्रवाणीचे प्रयोगही त्यांनी केले. संस्थेच्या मूळ नावात मात्र दूरचित्रवाणीचा उल्लेख नव्हता. तो १९५० साली आला. स्थापनेपासूनच संस्थेने आपले शोधनिबंध प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९३० पासून तिचे नियतकालिक ‘जर्नल’ या नावाने निघू लागले.

पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत आणि प्रत्येक चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे ही पद्धत एडिसन यांच्या प्रयोगशाळेपासून रूढ होत गेली होती. रूढीला लेखी मानकाचे स्वरूप देणे, त्यातील मापे काटेकोरपणे नोंदविणे आणि कारखानदारांना त्यावर एकत्र आणणे, हे या संस्थेचे काम ठरले. तिच्या मानकांना कायद्याची सक्ती नाही. कॅमेरे बनविणारे, स्टुडिओ आणि प्रक्षेपणकर्ते समितीत एकत्र बसून मसुद्यावर वाद घालतात व सहमती झाल्यावर ते मानक स्वेच्छेने स्वीकारतात. एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाशी बसतात, कारण न जुळणारे यंत्र कोणीच विकत घेत नाही.

चोवीस चौकटींचे गणित

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. वेग सेकंदाला सोळा चौकटींच्या आसपास असे, पण तो कमीजास्त झाला तरी फारसे बिघडत नसे. बोलपट आल्यावर ही सवलत संपली. वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदलते. त्यामुळे सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का झाला. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात १६ चौकटी बसतात; म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत धावते. १९३१ चा ‘आलम आरा’ आणि १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ यांच्यामुळे भारतीय चित्रपटसृष्टीनेही बोलपटाच्या याच युगात प्रवेश केला.

दूरचित्रवाणीने नवी अडचण आणली. अमेरिकेतील रंगीत प्रक्षेपणाचा वेग सेकंदाला नेमका ३० चौकटींचा नसून २९.९७ आहे. चौकटींची मोजणी तीसच्या हिशेबाने केल्यास तासाभरात १०८ चौकटींचा, म्हणजे ३.६ सेकंदांचा फरक पडतो. वेळेबरहुकूम चालणाऱ्या केंद्रासाठी ही चूक मोठीच. संस्थेच्या ‘टाइमकोड’ मानकात प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद व चौकट असा क्रमांक मिळतो. हा फरक काढण्यासाठी दर मिनिटाच्या आरंभी दोन क्रमांक गाळतात, मात्र प्रत्येक दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. गाळला जातो तो क्रमांक, चित्र नव्हे. भारतात सेकंदाला २५ चौकटींची पद्धत स्वीकारली गेल्यामुळे आपल्या संकलकांना या वजाबाकीची गरज पडत नाही. टाइमकोड मात्र तेही रोज वापरतात. पडद्यावर दिसणारे सात रंगांचे उभे पट्टेही याच संस्थेच्या नावाने प्रसिद्ध आहेत.

प्रादेशिक विभाग

संस्थेचे काम केवळ समित्यांतून चालत नाही. सभासद आपापल्या भागातील विभागांमध्ये विभागलेले असतात. न्यूयॉर्क आणि हॉलिवूड येथील विभाग परिचित आहेत. ऑस्ट्रेलियातील विभागाने सिडनी येथे भरविलेल्या परिषदा व प्रदर्शनेही गाजली. व्याख्याने, स्टुडिओंना भेटी, नव्या यंत्रांची प्रात्यक्षिके आणि विद्यार्थ्यांचे सभासदत्व हे अशा विभागांचे नेहमीचे उपक्रम. कारखान्यात ठरलेले मानक प्रत्यक्ष प्रक्षेपकाशेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला कितपत पेलते, हे येथेच कळते.

मानकाची किंमत

मानक सर्वांच्या सोयीचे असले तरी सर्वांना सारखे परवडतेच असे नाही. हॉलिवूडच्या प्रमुख स्टुडिओंनी २००२ मध्ये डिजिटल सिनेमासाठी संयुक्त मंच स्थापन केला आणि २००५ मध्ये त्याचे तांत्रिक निकष जाहीर झाले. एसएमपीटीईने त्यांना पूरक मानके तयार केली. मात्र त्यासाठी लागणारे प्रक्षेपक महाग होते. भारतातील अनेक एकपडदा चित्रपटगृहांत त्याऐवजी उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचविणारी कमी खर्चाची पद्धत रुजली. चित्राचा दर्जा त्या निकषांहून कमी असला, तरी तालुक्याच्या गावी नवा चित्रपट पहिल्याच दिवशी लागू लागला. हॉलिवूडच्या कंपन्या मात्र आपल्या चित्रपटांसाठी निकषांत बसणाऱ्या यंत्रणेचाच आग्रह धरीत. मापे कोण ठरवितो आणि खर्च कोण उचलतो, हा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच अर्थकारणाचाही आहे.

२०१७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘२११०’ या मानकमालेने स्टुडिओतील चित्र, आवाज आणि इतर माहिती संगणकीय जाळ्यातून स्वतंत्र प्रवाहांनी पाठविण्याचे नियम घातले. फीत आणि छिद्रे चित्रपटगृहांतून जवळपास नाहीशी झाली आहेत. वेगवेगळ्या वाटांनी आलेले चित्र आणि ध्वनी ठरल्या क्षणी एकत्र यावेत, ही फाळक्यांच्या काळातील गरज मात्र तशीच आहे.