बर्फाची पेटी आणि पंप

मृताच्या शरीरातून काढलेला अवयव रोपणापर्यंत टिकवण्याचे दोन मार्ग आहेत, बर्फ आणि पंप. त्यांत पंप थोरला. शल्यविशारद अलेक्सी कॅरेल आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३५ साली काचेच्या पंपावर मांजराची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जगवली. पण त्या काळी रोपणच यशस्वी होत नव्हते, मग पंप घेणार कोण?

गिऱ्हाईक आले ते १९६०च्या दशकात, परका अवयव नाकारण्याची शरीराची वृत्ती दाबणारी औषधे मिळाल्यावर. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फोल्कर्ट बेल्झर यांनी यंत्रावर ठेवलेले मूत्रपिंड रुग्णाला बसवले. यंत्र मात्र अवजड, शिवाय त्याच्याजवळ जाणकार माणूस हवा.

त्याला बाजूला सारले एका द्रावणाने. ऊती जुळणारा रुग्ण दूरच्या शहरात असला तर वेळ हाताशी लागतो. तो वेळ बर्फ देऊ शकतो. थंडीत पेशीची भूक मंदावते, पण सोडियम बाहेर फेकणारी तिची यंत्रणाही थंडावते. सोडियम आत शिरतो, मागोमाग पाणी, आणि पेशी फुगते. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला जेफ्री कॉलिन्स यांनी पोटॅशियम जास्त, सोडियम कमी असे पेशीच्या आतल्यासारखे द्रावण बनवले आणि कुत्र्यांची मूत्रपिंडे ३० तास टिकवली. देशादेशांत अवयवांची देवाणघेवाण करणाऱ्या युरोट्रान्सप्लांटने त्यात फेरफार करून ते आपलेसे केले. पुढे विस्कॉन्सिनला गेलेल्या बेल्झर यांनीच जेम्स साउथर्ड यांच्यासह १९८०च्या दशकात यकृतालाही मानवणारे द्रावण काढले. पंपवाल्यानेच बर्फाची बाजू भक्कम केली, हा या कथेतला गमतीचा भाग.

पेटीतली बांधणी साधी असते. रक्त धुऊन निघेपर्यंत द्रावण सोडायचे, फिकट पडलेला अवयव द्रावणासह निर्जंतुक पिशवीत घालायचा, तिच्यावर आणखी पिशव्या, मग बर्फ. बर्फ अवयवाला थेट लागता कामा नये. पेशी गोठल्या की अवयव गेलाच.

वयस्कर आणि हृदय बंद पडलेल्या दात्यांचे अवयव घ्यायची वेळ आली तेव्हा पंप परतला. यंत्रावरची मूत्रपिंडे रोपणानंतर लवकर कामाला लागतात, हे युरोपातल्या २००९च्या चाचणीत दिसले. ऑक्सफर्डच्या यंत्राने शरीराच्या तापमानाला, रक्त खेळते ठेवून जपलेले यकृत २०१३ मध्ये लंडनमध्ये प्रथम रुग्णाला बसवले गेले.

रुग्ण स्वतः यातले काही निवडत नाही. अमेरिकेत अवयव मिळवणाऱ्या संस्था आणि रोपण रुग्णालये अवयव जपण्याचा खर्च करतात आणि तो अवयव मिळवण्याच्या खर्चात धरला जातो. १९७२च्या कायद्यामुळे मूत्रपिंडाच्या बहुतेक रुग्णांपुरता त्याचा मोठा वाटा मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावर पडतो. महागडी यंत्रे तिथे खपतात, त्यामागे ही सोय आहे. भारतात अजून मुख्यतः द्रावण आणि बर्फाची पेटीच चालते. अवयव काढण्याचा व जपण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. तो रुग्ण, रुग्णालय, सरकार किंवा एखादी संस्था उचलते, आणि खासगी रुग्णालयात तो बहुधा रुग्णाच्याच बिलात येतो.