दिनविशेष : १२ जुलै १९६१ – पानशेत धरण फुटले
पुण्याजवळ आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. बांधकाम पुरते संपण्याआधीच पहिल्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. विमोचकाजवळचा (पाणी सोडण्याच्या मार्गाजवळचा) भराव खचू लागला, तेव्हा लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण वाचवण्याची शर्थ केली. पानशेतच्या लोंढ्याने खाली मुठा नदीवरचे खडकवासल्याचे ब्रिटिशकालीन दगडी धरणही फोडले आणि पुण्याचे नदीकाठचे भाग पाण्याखाली गेले. दोन्ही धरणे पुढे पुन्हा उभारण्यात आली.

अशा दुर्घटना टाळण्यासाठी धरणाची जोखीम दोन अंगांनी तपासतात. धोका-वर्ग ठरवताना धरण फुटल्यास खालच्या भागात किती जीवित व वित्तहानी होईल हे पाहतात. त्यामुळे भक्कम धरणही मोठ्या वस्तीच्या वर असल्यास वरच्या धोका-वर्गात येते. स्थिती-वर्ग मात्र धरणाच्या प्रकृतीवरून ठरतो. भारतात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाहणी होते. धरण फुटण्याची भीती निर्माण करणारे दोष पहिल्या वर्गात, तातडीने दुरुस्त करावे लागणारे मोठे दोष दुसऱ्या आणि वर्षभरात दूर करता येणारे किरकोळ दोष तिसऱ्या वर्गात नोंदवतात.

धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये संमत झाला. १५ मीटरपेक्षा उंच सर्व धरणांना तो लागू आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात असल्याने राज्यासाठी धरणांच्या तपासणीचे मोल मोठे आहे.