झालं का तुझं?

परभणीत आमच्या काकांचं नाटक फाटकापाशीच सुरू होतं. पाचचा प्रयोग असला की साडेचारला ते स्कूटर चालू करून उभे. आतून काही हालचाल नाही. “अगं, झालं का तुझं?” “झालंच की! पिना लावायले!” मग स्कूटर बंद. पाच मिनिटांनी पुन्हा किक, पुन्हा तोच प्रश्न. लग्नाला चाळीस वर्षं झाली, संवादात एका शब्दाची भर पडलेली नाही.

परवा असंच एका नवरा-बायकोच्या भांडणावरच्या नाटकाला निघालो आणि तिसऱ्या घंटेला कसेबसे पोचलो. अंधारात श्रेयनामावली वाचली जात होती. लेखक, दिग्दर्शक, संगीत, प्रकाशयोजना, नेपथ्य. काकू पदर सारखा करत माझ्या कानाशी म्हणाली, “नेपथ्य म्हंजे काय रे? दर वेळी सांगतेत.” मी “सेट” एवढंच म्हणालो आणि पडदा उघडला.

उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. कारण हा शब्द जिथे भेटतो, तिथे काकांचाच प्रश्न उभा आहे.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची सुरुवात बघा. नांदी होते, सूत्रधार रंगमंचावर येतो आणि पडद्यामागे बघून बायकोला हाक मारतो: बाईसाहेब, नेपथ्यविधान आटोपलं असेल तर इकडे या. इथे नेपथ्य म्हणजे सेट नव्हे. नेपथ्य म्हणजे साजशृंगार, वेश, दागिने. म्हणजे विधान एवढंच, की नटून झालं असेल तर चला, लोक बसलेत. दुष्यंत अजून रथात चढायचा आहे, हरिण अजून पळायचं आहे, आणि त्याआधी रंगमंचावर एक नवरा बायकोची वाट बघत उभा आहे.

ही नटी सूत्रधाराची नुसती सहकलाकार नसते, बायको असते. आणि सूत्रधार म्हणजे आजच्या भाषेत निर्माता, दिग्दर्शक आणि कंपनीचा मालक, तिन्ही एकाच धोतरात. म्हणजे ज्याला आपण श्रेयनामावली म्हणतो, ती संस्कृत नाटकात एक जोडपं बोलून दाखवत असे. आज कोणाचं नाटक आहे, कोणी लिहिलंय, प्रेक्षक कसे जाणकार आहेत, हे सगळं त्यांच्या गप्पांतून कळायचं. कलाकार-तंत्रज्ञांची यादी आणि नवरा-बायकोचा विनोद या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्याच.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त तर या प्रस्तावनेचं चक्क प्रहसन झालंय. गाण्याच्या तालमी करून सूत्रधार भुकेला होऊन घरी येतो. घरात स्वयंपाकाची मोठी धामधूम. त्याला वाटतं, आज चंगळ आहे. विचारतो तर बायको सांगते, आज माझा उपास आहे, देखणा नवरा मिळावा म्हणून. हा विचारतो, या जन्मी की पुढच्या? ती म्हणते, पुढच्या. म्हणजे खर्च याच्या घरचा आणि फळ दुसऱ्याच्या गळ्यात! बिचारा प्रेक्षकांकडे बघून दाद मागतो. मग ती समजूत घालते: अहो, पुढच्या जन्मीही तुम्हीच मिळावेत म्हणून करतेय. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, आणि त्याच देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये (1916) एका तसबिरीपायी फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर संशय घेत नाटकभर धुमसतात. मूळ मोलिएरचं, पण फाल्गुनराव आपल्या आळीतलाच वाटतो. मला विचाराल तर मराठी जोडप्यांच्या विनोदात त्याच्यावर ताण करणारा नवरा अजून यायचाय.

आता नेपथ्य. संस्कृतातच त्याला दुसरा अर्थ होता: पडद्यामागची जागा, जिथे हे नटणं चालतं. संहितेत कंसात ‘नेपथ्ये’ असं लिहिलेलं असलं की ओळखायचं, आवाज आतून येणार. मराठीत तो आणखी सरकला. संगीत नाटकांच्या काळात कंपन्या रंगवलेले पडदे घेऊन गावोगाव फिरत. एक राजवाड्याचा, एक जंगलाचा, एक रस्त्याचा, आणि त्या तिघांवर साऱ्या पुराणांची वासलात. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ असे पडदे रंगवण्यात नावाजलेले. पुढे त्याच बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ केला. पडद्यावर रंगवता रंगवता माणूस पडद्यावरच्या चित्रांत गेला, तो असा. सपाट पडदा जाऊन लाकडाच्या भिंती, खरी दारं, खुर्च्या आल्या, तसं नेपथ्य या शब्दानं अंगावरचे दागिने उतरवले आणि भिंती अंगावर घेतल्या. मग अंगाच्या नटण्याला वेगळे शब्द लागले: रंगभूषा, वेशभूषा, केशभूषा. वेशभूषा, दिग्दर्शक, संकलन, मध्यंतर ही नावं सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या यादीतली म्हणून सांगतात. सिनेमानं मात्र नेपथ्याला फारसं आत घेतलं नाही, तिथे ‘कला दिग्दर्शन’ चालतं. शब्द नाटकवाल्यांकडेच राहिला.

पण जोडपं सिनेमात आलं. पहिल्याच दिवशी आलं, फक्त पाटीवर त्याचं नाव नव्हतं. 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा दादासाहेब फाळके सूत्रधार होते यात वाद नाही. पण फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, वर एवढ्या मंडळींचा स्वयंपाक, यात सरस्वतीबाईंचे हात होते. नेपथ्य या शब्दाचा जुना अर्थ, पडद्यामागची जागा, तो त्यांनाच सर्वांत शोभतो. पडद्यावरची तारामती मात्र अण्णा साळुंके नावाचा पुरुष होता, हॉटेलातला आचारी. हेच साळुंके 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये रामही झाले आणि सीताही. नवरा-बायकोचं इतकं एकमत नंतर कुठल्या चित्रपटात दिसलेलं नाही.

या जोडप्यावर 2009 मध्ये परेश मोकाशींनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला. नंदू माधव फाळके, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. भारतातर्फे ऑस्करला पाठवलेला हा चित्रपट लोक चरित्रपट म्हणून बघतात. माझ्या मते तो नवरा-बायकोचा विनोदी चित्रपट आहे. नवऱ्याला खूळ लागलंय आणि बायको त्या खुळाचा हिशोब ठेवतेय, एवढीच त्याची गंमत, आणि ती पुरेशी आहे. पुढे मोकाशींच्या घरीही हाच संसार सुरू झाला. पत्नी मधुगंधा कुलकर्णी लिहितात, ते दिग्दर्शन करतात. ‘चि. व चि. सौ. कां.’ (2017) लग्नाआधी एकत्र राहून बघणाऱ्या जोडीवर, आणि ‘वाळवी’ (2023) बायकोचा काटा काढायला निघालेल्या नवऱ्यावर. स्वप्नील जोशी नवरा, अनिता दाते बायको. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नवरा-बायकोनं मिळून बायकोच्या खुनाचा बेत रचायचा आणि त्यावर हसवायचं, हे घरात कसं जमत असेल, त्यांचं त्यांना माहीत.

पण सूत्रधार आणि नटी दोघंही पडद्यावर बघायची तर सचिन-सुप्रिया. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (1984) सचिननं दिग्दर्शित केला, त्यात सुप्रिया नायिका झाली आणि पुढच्याच वर्षी नाव खरं ठरलं. त्यातलेच अशोक सराफ आणि निवेदिता जोशी पुढे नवरा-बायको झाले. एका श्रेयनामावलीत दोन लग्नपत्रिका! मग ‘नवरा माझा नवसाचा’ (2004). सचिन निर्माता, दिग्दर्शक आणि नवरा, सुप्रिया बायको. नवऱ्यासाठी बोललेला नवस असा, की त्यानं गणपतीपुळ्याला उघड्यानं जायचं. मुंबईहून एसटी निघते आणि अशोक सराफ कंडक्टर. आमच्याकडे हा चित्रपट टीव्हीवर लागला की काका आतल्या खोलीतून येतात, फक्त कंडक्टरसाठी. 2024 मध्ये दुसरा भाग आला, तेव्हा एसटीची कोकण रेल्वे झाली आणि कंडक्टरचा टीसी. जोडपं मात्र जुनंच. नेपथ्याचा उलटा प्रवासही बघा: सूत्रधाराची बायको नटून बाहेर येते, इथे नवऱ्याला अंगावरचं सगळं उतरवून पोचायचंय.

परभणीचा वाटाही यात आहे. संकर्षण कऱ्हाडे इथला. ‘तू म्हणशील तसं’ आणि ‘नियम व अटी लागू’ ही नवरा-बायकोची नाटकं त्यानं लिहिली आणि दोन्हींत नवराही तोच. पहिल्याचं दिग्दर्शन प्रसाद ओकचं, बायको भक्ती देसाई. दुसरं चंद्रकांत कुलकर्णींचं, बायको अमृता देशमुख. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणाऱ्यांना आमची काकू हे नाव ऐकवते.

मध्यंतरात मी काकूला शाकुंतलाची ती हाक सांगितली. नेपथ्य म्हणजे नटणं, आणि सूत्रधार बायकोला विचारतो, झालं का तुझं? काका शेंगदाण्याची पुडी सोडता सोडता थांबले. बघ, म्हणाले, कालिदासाच्या काळापासून.

“मंग? ती काय म्हणली?”

“काही नाही. ही मी आले, म्हणते. लगेच येते.”

“लगेच?” काकूनं पुडीतले चार दाणे उचलले. “कालिदासाचं लगीन झालेलं नसंल.”