टायरवरच्या आकड्याची कुळकथा

गणपतीला किंवा शिमग्याला देवरुखात येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत आता उंच, ताकदवान एसयूव्ही बऱ्याच दिसतात. त्यांतल्या काहींची चाकं कंपनीतून आलेली नसतात. मालकाने हौसेने मोठी अलॉय रिम आणि रुंद टायर बसवून घेतलेले असतात. टायरच्या कडेवर २३५/६५ आर १७ अशी ओळ असते आणि दुकानात चर्चा होते ती बहुधा शेवटच्या आकड्याची. या ओळीत रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचांत का लिहिली जाते, यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. साइज निवडायची असेल तर तो उपयोगी पडतो.

जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने तेच १८४५ मध्ये केलं होतं, पण लोक ते विसरले होते. सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी सायकलसाठी काढता-घालता येणारा टायर आणला. टायर आणि रिम अशा दोन वेगळ्या वस्तू झाल्यावर त्या एकमेकींना बसतील का, हे सांगणारा आकडा लागणारच होता.

मोटारींच्या त्या पहिल्या पिढीत आधी बाहेरचा व्यास लिहीत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा मागचा टायर ३० × ३½ होता, म्हणजे बाहेरून तीस इंच व्यास आणि साडेतीन इंच जाडी. रिम किती, हे वजाबाकी करून काढायचं : तेवीस इंच.

१९२० च्या दशकात कमी हवेचे, फुगीर टायर आले. एकाच रिमवर कमी-अधिक जाड टायर बसू लागले, तेव्हा लिहिण्याची पद्धत उलटली आणि जाडी व रिम एवढेच दोन आकडे उरले. विलीज जीपचा टायर ६.००-१६ होता. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत ही जीप जुळवायला घेतली आणि त्या साइजचे टायर आपल्या घाटांत रुळले. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचा ५.२०-१४, अँबॅसॅडरचा ५.९०-१५. टायरची उंची जाडीच्या जवळपास असे, म्हणून ती लिहीत नसत. बाहेरचा व्यास मात्र टायरच्या कडेवरून गेला, तो गेलाच.

मिलिमीटर आले रेडियल टायरबरोबर. मिशलँने १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये 'एक्स' या नावाने तो बाजारात आणला. सिट्रोएन गाडीसाठी त्याची साइज १६५ × ४०० होती, दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये. पण जगभरच्या बहुतेक मोटारींच्या रिम इंचांत होत्या, त्यामुळे १६५ आर १३ (आर म्हणजे रेडियल) अशी मिश्र भाषा रूढ झाली. १९७५ मध्ये मिशलँने टीआरएक्स नावाने पुन्हा ३९० मिलिमीटरसारख्या रिम आणल्या. त्यांना टायरही त्यांचेच लागत आणि कालांतराने ते मागे पडले. आपल्याकडे १९७७ मध्ये जेके टायरने रेडियल बनवायला सुरुवात केली. तोवरचा टायर दुकानदारांच्या भाषेत 'नायलॉन'.

मधला टक्का शर्यतींनी आणला. वळणावर टायर मुडपू नये म्हणून त्याची कड बुटकी आणि पाया रुंद होत गेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पिरेलीच्या पी ७ ची उंची रुंदीच्या निम्मी, म्हणजे ५० टक्के होती. उंची आता गृहीत धरता येईना, ती लिहावी लागली.

पुसला गेलेला बाहेरचा व्यास आजही गणित करून मिळतो. २३५ चे ६५ टक्के १५२.७५, त्याची दुप्पट ३०५.५. सतरा इंच म्हणजे ४३१.८. बेरीज ७३७ मिलिमीटर. पुण्यात बनणाऱ्या टाटा हॅरियरवर हे ताडून पाहा. २०१९ च्या मूळ आवृत्तीत २३५/७० आर १६ होता, वरच्या आवृत्तीत २३५/६५ आर १७. २०२३ मध्ये २३५/६० आर १८ आणि २४५/५५ आर १९ आले. बाहेरचे व्यास अनुक्रमे ७३५, ७३७, ७३९ आणि ७५२. रिम तीन इंचांनी वाढली, पण चाकाची उंची जेमतेम सतरा मिलिमीटरने. स्पीडोमीटर, एबीएस, गिअर हे सगळं या व्यासावर बेतलेलं असतं, म्हणून कंपनीनेही तो फारसा हलू दिला नाही. वाढलेल्या रिमची किंमत रबराच्या कडेने मोजली : ती १६४ वरून १३५ मिलिमीटरवर आली.

ही तीन सेंटिमीटरची घट देवरुखात नीट तोलायला हवी. इथून साखरप्यामार्गे आंबा घाट चढताना किंवा संगमेश्वरला महामार्ग गाठताना पावसाळ्यात खड्ड्याची धार पाण्याखाली दिसत नाही. चाक आदळलं की धक्का आधी रबराची कड घेते. ती बुटकी असेल तर रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. हवा आणि नक्षीची खोली सारखी असताना रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, हेही विसरू नये. गुळगुळीत, कोरड्या रस्त्यावर बुटका टायर वळण छान पकडतो, यात शंका नाही. आपला रस्ता मात्र वर्षातले निदान चार महिने तसा नसतो.

साइजच्या पुढचा १०४ एच सारखा मजकूरही वाचावा. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. भाराचा आकडा कंपनीच्या आकड्याहून कधीच खाली नको. नव्या रिमची रुंदी, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते) आणि बोल्टचं पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) जुळायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, तेव्हा कंपनीने मान्य केलेल्या साइजच्या बाहेर जाऊच नये.

देवरूखसाठी माझा कौल स्पष्ट आहे. कंपनीच्या यादीतली, ब्रेकला मोकळी बसणारी सर्वांत लहान रिम आणि त्यावरचा सर्वांत उंच कडेचा टायर घ्या. पाचही चाकं एकाच साइजची ठेवा, कारण घाटात पंक्चर झाल्यावर स्टेपनीच कामाला येते. आणि पैसे मोजण्याआधी बाहेरचा व्यास स्वतः काढून पाहा. टायरवर तो लिहिलेला नसतो, पण गाडी त्याच्यावरच चालते.